न वाजलेला बार

पहिल्या दिवशी आबांनी पोराच्या हातात ना पहार दिली, ना घण. विहिरीच्या काठापासून लांब, आंब्याच्या बुंध्याआड त्याला बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट आणि मोज."

मावळातल्या एका गावची विहीर खणायचं काम चालू होतं. मुरूम संपून काळा पाषाण लागला होता. पहार बोथट होऊ लागली की गावाला सुरुंगवाला आठवतो, तसे आबा आठवले होते. त्यांनी दगडात भोकं पाडली, बार भरले, वाती पेटवल्या आणि दोराला धरून ते वर आले. धाड, धाड, धाड. जमीन हलली, आंब्यावरचे कावळे उडाले.

"किती?" आबांनी विचारलं.

"पाच," पोरगा अभिमानानं म्हणाला.

"आणि भरले होते किती?"

पोरगा गप्प. ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"मग तू मोजलंस काय? वाजलेले बार तर वाटेवरचा गुराखीसुद्धा मोजतो. आधी भरलेले मोजायचे, मग वाजलेले. दोन्ही आकडे जुळले की आत उतरायचं. नाय जुळले तर वरच थांबायचं, मग पाठीमागून राजा येऊन ढकलू दे."

त्या दिवशी पोराला हे बोलणं म्हाताऱ्याचा हट्ट वाटलं. त्याला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. त्याला आवाज आवडायचा, उडणारा दगड आवडायचा, धुराचा वाससुद्धा आवडायचा. न वाजलेल्या आवाजात शिकण्यासारखं काय असतं, हे त्याला कळायचं होतं.

आबांच्या घराण्याचा दगडाशी तीन पिढ्यांचा संबंध होता. त्यांचे आजोबा बोरघाटाच्या रेल्वेवर होते. 1856 ला ते काम सुरू झालं आणि 1863 ला घाटातून गाडी धावली. खंडाळ्याच्या कड्यात पंचवीस बोगदे पाडले गेले. 1861 च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजार माणसं त्या घाटात राबत होती. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं येऊन थोड्याच काळात वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं ठेका सोडला नाही आणि माणसं नेमून काम पुढं नेलं. डायनामाइट तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. नोबेलनं त्याचं पेटंट घेतलं 1867 ला, म्हणजे घाटातून गाडी धावू लागल्यावर चार वर्षांनी. सगळा घाट बंदुकीच्या काळ्या दारूनं फोडलेला. हातानं छिन्नी धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, एकेका भोकाला तासन्‌तास जायचे. पटकीनं माणसं गेली, कड्यावरून पडून गेली, सुरुंगात गेली. बोगद्यांची लांबी वहीत राहिली, गेलेल्या माणसांची नावं राहिली नाहीत.

आबांचे वडील ठोकरवाडीला होते. आंध्रा नदीवर टाटांचं धरण उभं राहिलं आणि डोंगराच्या पोटातून बोगदा खणून ते पाणी घाटाच्या कडेला नेलं गेलं. तिथून ते नळांतून अर्धा किलोमीटर खाली कोसळतं आणि भिवपुरीच्या वीजघरातली चाकं फिरवतं. 1922 पासून ते फिरवतंय. त्याआधी 1915 ला वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी असंच खोपोलीला उतरलं होतं.

"बघ, दगडाला एक भोक पाडलं तर काय होतं," आबा सांगायचे. "आंध्रेचं पाणी इंद्रायणीला मिळायचं, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. आपल्या मावळाचा पाऊस पार पूर्वेच्या समुद्राला जायचा. बोगदा झाला आणि त्यातलं पाणी उल्हास नदीतनं मुंबईकडं वळलं. नदीचं तोंड फिरवणारं काम हाय हे. ते करताना माणसानं तोंड सांभाळावं आणि कानही."

कान सांभाळायला त्यांनी पोराला शिकवलं ते भाज्याच्या लेण्यात. एका सुट्टीच्या दिवशी ते त्याला मळवली स्टेशनावरून चालवत वर घेऊन गेले. दोन हजार वर्षांहून जुनं ते चैत्यगृह, ती लाकडासारखी कोरलेली कमान, बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पोरगा शिल्पांकडे बघत होता, आबा खडकाकडे.

"इथं बार नाय, दारू नाय. छतापासून खाली कोरत आलेत. वरचा दगड आधी निर्धोक केला, मग त्याच्याखाली उभे राहिले. कारागीर होते ते."

बाहेर आल्यावर त्यांनी वाटेकडेच्या एका खडकावर पहारीचं टोक आपटलं. खण्ण असा आवाज आला. चार पावलांवर दुसऱ्या खडकावर आपटलं. बद्द.

"पहिला अंगानं एकसंध हाय. दुसरा आतनं सुटलाय. वरनं दोन्ही सारखेच काळे. डोळा फसतो. दगडाला विचारायचं असंल तर ठोकून विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं."

सह्याद्रीचा हा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. एक थर वाहून आला, थंड झाला, त्याच्यावर काळ गेला, वरचा पृष्ठभाग कुजला, मग दुसरा थर आला. म्हणून अभेद्य वाटणाऱ्या काळ्या कातळात मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. कोरडा असेपर्यंत तो धरून राहतो, पाणी लागलं की लोण्यासारखा सुटतो. कुठं दगडाच्या पोटात पांढऱ्या स्फटिकांचे डोळे असतात, कुठं उभ्या भेगा, आणि भेगेतून वरच्या डोंगराचं पाणी ठिबकत असतं. बोगदा खणणाऱ्याची गाठ काळ्या कातळापेक्षा या तांबड्या पट्ट्यांशी आणि भेगांशीच जास्त पडते.

*

वर्षभरानं दोघंही एका बोगद्याच्या कामावर लागले. डोंगरापलीकडच्या वस्तीला पिण्याचं पाणी न्यायचं होतं. बोगदा लहान, दोन माणसं कशीबशी शेजारी उभी राहतील एवढा. पलीकडून एक उभी विहीर उतरत होती आणि खाली हा बोगदा तिला जाऊन मिळणार होता.

काम रोज एकाच चाकोरीत फिरे. जिथं खणणं चालू असतं त्या दगडी भिंतीला कामावरचे सगळे ‘फेस’ म्हणत. आधी फेसवर खडूनं खुणा करायच्या. मग ड्रिलवाले जॅकहॅमर लावून अठरा भोकं पाडणार. मधली काही भोकं तिरकी, एकमेकांकडं झुकलेली. ती आधी उडली की मध्ये पाचरीसारखी पोकळी होते आणि बाकीच्या दगडाला पडायला जागा मिळते. मग बाजूची, मग वरची, आणि शेवटी जमिनीलगतची. सगळ्या वाती एकसारख्या कापल्या तर सगळा दगड एकदम अडून बसतो, म्हणून क्रमानं एकेक वात लांब ठेवायची. भोकातली भुकटी आणि पाणी फुंकून काढायचं, काडतुसं सरकवायची, वरून मातीचे गोळे ठासायचे. ठासणी लाकडाची, लोखंडाची कधीच नाही, कारण एक ठिणगी पुरते. मग शिट्टी, सगळी माणसं बाहेर, वातींना बत्ती, आणि मोजणी. त्यानंतर पंखा लावून धूर काढायचा, ढिगाऱ्यावर पाणी मारायचं, छताचे सुटे दगड पहारीनं ठोकून पाडायचे, माल डब्यांत भरून बाहेर काढायचा. पुन्हा खडू.

पोराचं काम बार भरायला आबांना हात द्यायचं. काडतूस उडवणाऱ्या टोपीला, म्हणजे डिटोनेटरला, वात बसवायची ती चिमट्यानं दाबून. काही जुने लोक ती दातांनी दाबत. आबांसमोर कुणी तसं केलं की ते त्याला कामावरून घरी धाडायचे. आणि भोक ओलं असेल तर टोपी आणि वात जिथं जुळतात तिथं ग्रीसचा जाड लेप द्यायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

मे महिना संपत आला होता. मृग आठवड्यावर होता. लोणावळ्याच्या डोंगरावर ढग जमायला लागले की इथं कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. एकदा पाऊस धरला की तो चार महिने उसंत देत नाही, भेगाभेगांतून पाणी बोगद्यात उतरतं, आणि तांबडा पट्टा लागला असेल तर काम थांबवावंच लागतं. तो पट्टा नेमका आता लागला होता, फेसच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात, हातभर रुंद. पावसाआधी तो ओलांडून पुढच्या कातळात जायचं आणि मागं आधार बांधून घ्यायचा, असं ठरलं होतं. मुकादम रोज साहेबांना आकडा सांगायचा आणि साहेब रोज वरच्यांना.

त्या दिवशी पोरानं सतरा बार तयार केले आणि ग्रीसचा डबा संपला. अठरावं भोक राहिलं होतं, तळाचं, डाव्या कोपऱ्यातलं, तांबड्या पट्ट्यातलं. त्यात पाणी झिरपत होतं. नवा डबा बाहेर कोठीत. कोठीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे पाव तास, आणि मुकादमाची हाक आधीच दोनदा आली होती. पोरानं डब्याचा तळ बोटानं खरवडला. निघालं ते वातीला कसंबसं पुसलं. भोकातलं पाणी फडक्यानं टिपलं आणि बार आत सरकवला. आबा दुसऱ्या बाजूला वाती जुळवत होते. सांगायला एक क्षण पुरला असता. तो क्षण पोरानं जाऊ दिला.

शिट्टी झाली. सगळे बाहेर आले. शेवटी आबा शांतपणे चालत आले. ते कधी पळत नसत. पळणारा अडखळतो, म्हणून वात चालत बाहेर येण्याइतकी लांब ठेवायची, हा त्यांचा नियम होता.

डोंगराच्या पोटातून पहिला आवाज आला. एक. दोन. तीन. मग थोडी उसंत. चार, पाच. पोरगा डोळे मिटून मोजत होता. दहा. चौदा. सोळा.

सतरा.

त्यानं श्वास धरला. वारा सुटला होता. समोरच्या रानात एक पावशा ओरडत होता. डोंगर गप्प होता.

"अठरा झाले," मुकादम म्हणाला. "चला, पंखा लावा."

"माझे सतरा," आबा म्हणाले.

"मधले दोन एकदम वाजले आबा. मला स्पष्ट ऐकू आले." वही घेऊन बसलेला कारकूनही म्हणाला की अठरा असावेत. त्यानं मोजायला सुरुवात केली तेव्हा पहिला वाजून गेला होता, पण हिशेब तोच लागतो.

आबा पोराकडं वळले. "तुझे किती?"

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. सतरा म्हणावं तर कुठला राहिला हे विचारतील. कुठला राहिला ते त्याला ठाऊक होतं. आणि कदाचित मुकादम म्हणतो तसे दोन एकदम वाजलेही असतील.

"अठरा," पोरगा म्हणाला.

आबांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग ते बोगद्याच्या तोंडाशी जाऊन आडवे बसले. "तिघांचे अठरा, माझे सतरा. मोजणीत वाद पडला तर कमी आकडा खरा धरायचा. अर्धा तास कुणी आत जाणार नाय. काही वेळा वात मरत नाय, धुमसत बसते."

मुकादमाचा आवाज चढला. अर्धा तास थांबायचं, मग ढिगारा हातानं चाळायचा, म्हणजे अख्खी पाळी गेली. पुढच्या पाळीचे ड्रिलवाले येऊन उभे होते. त्यात पोराचा थोरला भाऊ होता. लग्नाला वर्ष झालेलं, घरी बायको बाळंत व्हायची होती. आज लवकर सुटला तर तो रात्रीच्या एस.टी.नं गावी जाणार होता.

भाऊ पुढं आला. खांद्यावर जॅकहॅमर, चेहऱ्यावर हसू. "आबा, तुमचं वय झालं, एखादा आवाज कमी ऐकू आला असंल. माझा भाऊ अठरा म्हणतो ना? मग अठराच. त्यानं भरलेत बार, त्याला ठाऊक नाय तर कुणाला?" आणि तो आबांना वळसा घालून आत निघाला.

पोराला त्या क्षणी सगळं दिसलं. ढिगाऱ्याखालचा तो डावा कोपरा. माल उचलला जाईल. दगडात अर्धं राहिलेलं एक भोक दिसेल. ड्रिलवाल्याला असं भोक नेहमी खुणावतं, कारण कोऱ्या कातळावर पातं घसरत राहतं आणि आयत्या भोकात ते लगेच बसतं. भाऊ पातं त्या भोकात टेकवेल आणि दाबेल.

"दादा, थांब!" तो ओरडला. आवाज इतका फाटला की स्वतःला ओळखू आला नाही. "सतरा. माझेपण सतराच. तळाचा डावा राहिलाय. त्याला ग्रीस नव्हतं. मी सांगितलं नाय."

कुणी काही बोललं नाही. भावानं जॅकहॅमर हळूच खाली ठेवला. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तो तसाच उभा राहिला.

*

अर्धा तास सगळे बसून राहिले. पोराच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अर्धा तास होता. मग पंख्यानं धूर काढला, ढिगाऱ्यावर पाणी मारलं, आणि आबा एकटे आत गेले. आधी त्यांनी छत ठोकलं. दोन ठिकाणी बद्द वाजलं, ते दगड पाडले. मग पोराला आत बोलावलं. बाकी कुणालाही नाही.

दोघांनी हातानं एकेक दगड उचलला. डाव्या कोपऱ्यात, तांबड्या चिखलात, ते भोक होतं. मातीचा गोळा जसाच्या तसा, आणि बाहेर वातीचं काळं टोक. वात जळत आत गेली होती आणि टोपीपाशी ओलाव्यानं विझली असावी.

"हात नाय लावायचा," आबा म्हणाले. "न उडालेला बार उपसून काढायला जातात ते परत येत नायत. त्याच्या बाजूला, फूटभराहून लांब, त्याच्याच दिशेनं दुसरं भोक पाडायचं. नवा बार भरायचा. तो उडला की हा आपोआप सुटतो."

ते भोक त्यांनी ड्रिलवाल्यांकडून आपल्यासमोर पाडून घेतलं. बार पोराला भरायला लावला. कोठीतून नवा डबा आणला होता. पोरानं वातीच्या जोडावर एवढा लेप दिला की आबांना हात धरावा लागला.

सगळे बाहेर आले. या वेळी मोजायला एकच आवाज होता, पण कुणी हलत नव्हतं. धाड. डोंगराच्या पोटातून ओळखीची धडक आली.

"अठरा," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

आबा पुन्हा आत जाऊन, ढिगारा चाळून, जुन्या बाराचं काहीही शिल्लक नाही हे डोळ्यांनी पाहून आले. तेव्हा कुठं त्यांनी वहीवर अंगठा उठवला.

रात्री झोपडीबाहेर आबा विडी ओढत बसले होते. पोरगा जवळ येऊन उभा राहिला. शिव्या बसतील, कामावरून काढतील, सगळ्याला तो तयार होता.

"डबा संपला हे बोलला का नायस?"

"तुम्ही रागावला असता."

"असतो. मोठ्यानं रागावलो असतो." आबा थोडे थांबले. "माझा राग म्हणजे वाजलेला बार. धाड करतो, धूर होतो, घटकाभरानं निवतो. त्यानं कुणी मेलं नाय. तू गिळलीस ती गोष्ट न वाजलेला बार. ती गप्प ढिगाऱ्याखाली बसते, आणि ज्यानं भरली त्याला ती लागत नाय. लागते ती पुढच्या पाळीच्या माणसाला. ज्याचा काही गुन्हा नाय त्याला."

पोरगा रडला. आबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "तू शेवटी बोललास. वेळेत बोललास. तेवढं धरून ठेव. पण एक सांगतो. आज समोर भाऊ होता म्हणून बोललास. दुसऱ्याचा भाऊ असता तर?"

या प्रश्नाचं उत्तर पोराला त्या रात्री देता आलं नाही.

*

बोगदा विहिरीला मिळाला. पाणी पलीकडं गेलं. पोरगा सुरुंगवाला झाला आणि आबा म्हातारे होत गेले.

एका वैशाखात आबा त्याला पवना धरणाच्या काठी घेऊन गेले. पाणी खूप उतरलं होतं. वाघेश्वराचं जुनं मंदिर, जे एरवी पाण्याखाली असतं, ते कोरड्या चिखलात उघडं उभं होतं. लोक लांबून दर्शनाला येत होते.

आबा मंदिराकडं न जाता काठावरच बसले. "धरण भरतं तेव्हा आवाज होतो. भिंत बांधली, भाषणं झाली, दिवे लागले. ते सगळे वाजलेले बार. ज्यांची जोती पाण्याखाली गेली ती माणसं गप्प उठून गेली. मुळशीला गप्प बसले नाहीत. 1921 ला सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी धरण झालं. धरण नको असं मी म्हणत नाय. माझ्या बापानं बोगदा खणला, मीही खणले. पाणी कुणाला तरी लागतंच. पण भरलेले किती आणि वाजलेले किती हा हिशेब सगळ्या कामांना लागतो. कुणाला पाणी मिळालं ते मोजताना कुणाचं गेलं, आणि कुणापर्यंत पोचलंच नाय, हेही मोजायला नको का?"

ती त्यांची शेवटची शिकवण. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

*

वर्षं गेली. वातीची जागा विजेवर चालणाऱ्या टोप्यांनी घेतली, जॅकहॅमरची जागा अनेक हातांच्या मोठ्या यंत्रांनी. पोरगा म्हातारा झाला. गाव त्यालाच आता आबा म्हणू लागलं.

2019 ला केंद्र सरकारचं जलजीवन मिशन आलं, घरोघरी नळ. गावातही योजना आली. टाकी उभी राहिली, नळ बसले. काम पूर्ण झाल्याचा ठराव करायला ग्रामसभा भरली. देवळाच्या मंडपात माणूस मावत नव्हता. तरुण इंजिनिअर ताई कागद घेऊन उभी होती. सरपंचांनी विचारलं, "पाणी आलं का सगळ्यांना?"

"आलं!" मंडप दणाणला.

टाळ्या वाजल्या. कागद पुढं सरकला. म्हातारे आबा डोळे मिटून बसले होते. लोकांना वाटलं, डुलकी लागली.

"ताई," ते डोळे न उघडता म्हणाले, "गावच्या वाड्या किती?"

"सात, आजोबा."

"मी आवाज मोजत होतो. गावठाण बोललं, वरची आळी बोलली, ठाकरवाडी बोलली. सहा बोलल्या. सातवी वाजली नाय."

सातवी म्हणजे पठाराच्या कडेचा धनगरवाडा. पंधराएक घरं. सगळे मागं वळून बघू लागले. तिथलं कुणी सभेला आलेलंच नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ती माणसं येतच नाहीत कधी. कुणी म्हणालं, नळ तर तिकडंही टाकलाय. कुणी म्हणालं, कागद आज गेला नाही तर पुढचा हप्ता अडकेल. आजोबांना त्या बोलण्यात पन्नास वर्षांपूर्वीचा मुकादम ऐकू आला. तो मुकादम वाईट माणूस नव्हता. हीही माणसं वाईट नव्हती. घाईत होती एवढंच.

"मोजणीत वाद पडला तर कमी आकडा खरा धरायचा," आजोबा म्हणाले. "ताई, माझ्याबरोबर वर चला. दोन तासांचा चढ हाय. मी हळू चालतो, पण चालतो."

ताईनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. ती वर गेली. सरपंचही गेले. धनगरवाड्यात नळ होते, नवेकोरे, प्रत्येक दारात. एका म्हातारीनं तोटी फिरवून दाखवली. फुस्स अशी हवा आली आणि थांबली. टाकी खाली होती, वाडा वर होता. पाणी एवढं चढतच नव्हतं. म्हातारीच्या मागं दोन मुली डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेनं वर येत होत्या.

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?" ताईनं विचारलं.

"विचारलं कुणी?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ताईला जास्त लागलं.

त्या दिवशी कागदावर सही झाली नाही. ताईनं त्यावर ‘सहा पूर्ण, एक बाकी’ असं लिहिलं. कुणी तिच्यावर चिडलं, कुणी नाराज झालं. ती डगमगली नाही. वरच्या टप्प्याला वेगळी टाकी आणि पंप मंजूर व्हायला एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला.

पाणी सुरू होणार त्या सकाळी आजोबा पुन्हा चढ चढून गेले. या वेळी दोन तासांऐवजी तीन लागले. म्हातारीच्या दारात बसून त्यांनी डोळे मिटले. खाली दरीत पंप सुरू झाला. नळीतून हवा शिट्टी वाजवत पळाली. तोटी थरथरली, खोकली, आणि हंड्याच्या तळावर पाण्याची पहिली धार खणखणीत वाजली.

"सात," आजोबा म्हणाले.

त्या एका शब्दानं आबांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. समोर स्वतःचा भाऊ नव्हता, तरी मोजणी पुरी झाली होती. वाजलेल्याचा गाजावाजा आपोआप होतो. न वाजलेलं शोधायला माणसाला थांबावं लागतं, कान द्यावा लागतो, आणि चूक आपली असेल तर ती आधी सांगावी लागते. तोवर कुठल्याही कामावर ‘पूर्ण’ असं लिहू नये.